डावीकडची बाई

आमच्या घरात पहिला वाद झाला तो अंड्याच्या पिवळ्या बलकावरून. मी रोज सहा अंडी उकडायचे, पांढरं खायचे आणि पिवळे गोळे ताटलीत बाजूला काढून ठेवायचे. आईला ते बघवत नसे. तिच्या मते अंड्यात खाण्यासारखं असतं ते पिवळंच. शेवटी वहिनी ते गोळे कांदा-मिरचीवर परतून दादाच्या डब्यात द्यायला लागली. पंधरा दिवसांनी दादा म्हणाला, कामावरची माणसं विचारतात, तुमच्याकडच्या कोंबड्या नुसतं पिवळंच घालतात का.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. भोरमध्ये आम्ही चौघं राहायचो: आई, दादा, वहिनी आणि मी. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी वरव्याजवळच्या एका छोट्या कंपनीत पॅकिंगला जायचे. दिवसभर उभं राहून प्लॅस्टिकची झाकणं पिशव्यांत भरायची. त्याच्या दोन वर्षं आधी माझं वजन ब्याऐंशी किलो होतं आणि संध्याकाळी गुडघे इतके दुखायचे की बसमधून उतरताना मला कुणाचा तरी हात धरावा लागायचा. त्यासाठी म्हणून मी जिमला जायला लागले होते. भोरमध्ये एका खताच्या दुकानावरच्या मजल्यावर जिम होती आणि तिथं सकाळी बायकांची बॅच भरायची.

बॅच घेणाऱ्या मॅडम मूळच्या वेल्ह्याच्या. तरुणपणी तालुक्याच्या संघातून कबड्डी खेळलेल्या, मग पुण्यात काही वर्षं जिममध्ये नोकरी करून परत आलेल्या. बुटक्या, रुंद खांद्याच्या, कमी बोलणाऱ्या. पहिल्या महिन्यात त्यांनी मला फक्त खुर्चीवर बसवलं आणि उठवलं. रिकाम्या हातांनी, दिवसाला शंभर वेळा. मी मनात म्हणायचे, यासाठी इथवर कशाला यायचं, खुर्ची घरातही आहे. पण सहा महिन्यांनी गुडघे दुखायचे थांबले आणि मी त्यांचं सगळं ऐकायला लागले.

दीड वर्षात बावीस किलो उतरलं. एक दिवस आरशासमोर डंबेल उचलत असताना मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की माझे खांदे स्टेजवर नेण्यासारखे आहेत. फिटनेस मॉडेलिंग म्हणजे काय ते त्यांनीच मला सांगितलं. स्पर्धा असतात, तिथं शरीर दाखवायचं, मग व्यायामाच्या कपड्यांच्या जाहिरातीत, कॅटलॉगमध्ये काम मिळतं. वय आडवं येत नाही. शिस्त लागते.

घरी सांगितलं तेव्हा आईनं एकामागून एक प्रश्न विचारले. कपडे कोणते, फोटो कोण काढणार, काढून ते कुठं ठेवणार, बघणार कोण. माझ्याकडं अर्ध्या प्रश्नांचीच उत्तरं होती. वहिनी काहीच म्हणाली नाही. माझ्यापेक्षा ती पाच वर्षांनी मोठी, माहेर तोरण्याच्या पायथ्याशी, वेल्ह्याच्या अलीकडच्या एका गावात. मला ती रीतीप्रमाणे ताई म्हणायची आणि अहोजाहो करायची. तेव्हा तिचं गप्प बसणं मला साधं वाटलं. नंतर मी त्याचा वेगळा अर्थ लावला.

तयारी सुरू झाली. पावणेपाचला उठायचं, सव्वापाचला जिम, तिथून आठची पाळी. सकाळी अंड्याचं पांढरं आणि अर्धी भाकरी. दुपारच्या डब्यात उकडलेलं चिकन, काकडी, कुळथाचं पातळ कढण. संध्याकाळी मूग. सगळं छोट्या वजनकाट्यावर तोलून. रविवारी सकाळी वेल्ह्यात मॅडमच्या घरापाशी जमायचं आणि पाठीवर पाच किलो वाळूची पिशवी बांधून तोरण्याच्या वाटेवर निम्म्यापर्यंत चढायचं. सणवार बंद. बुद्धपौर्णिमेला विहारात सगळ्यांना खीर वाटली. मी वाटी हातात घेतली, कपाळाला लावली आणि शेजारच्या बाईला दिली. तिनं आईला विचारलं, पोरीला साखरेचा आजार झाला का.

आणि फोटो, ते तर जिमच्या पहिल्या महिन्यापासूनच चालू होते. प्रत्येक ताटाचा फोटो मॅडमना मोबाईलवर पाठवायचा, खाण्याच्या आधी. दर रविवारी स्वतःचा, समोरून, बाजूनं आणि पाठीकडून. एखाद्या ताटाचा फोटो राहिला तर लगेच त्यांचा मेसेज यायचा: काय खाल्लं? त्यांचा माझ्यावर विश्वास नाही असं मला वाटायचं. पण जिच्यावर कुणी इतकं लक्ष ठेवतं तिला आपण महत्त्वाचे आहोत असंही वाटतं, आणि मला तसं वाटत होतं.

स्पर्धेला दोन महिने राहिले असताना माझं वजन अडकलं. तीन आठवडे काटा हलेना. मॅडमनी मला बाकावर बसवून विचारलं, मी बाहेर काही खाते का. मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मला रडू आलं. मग त्या म्हणाल्या, "घरात सैपाक कोण करतं?"

"वहिनी."

"मग तिकडं ध्यान ठेव. मुद्दाम करतं असं न्हाई म्हणत मी. पण एकीचं अंग उतराय लागलं की दुसरीला सोसत न्हाई. चमचाभर त्याल जास्त पडलं तरी आपलं काम बिघडतं."

मी घरी गेले ती दुसरीच होऊन गेले. वहिनी भाजी फोडणीला टाकायची तेव्हा मी पाणी पिण्याच्या निमित्तानं स्वयंपाकघरात उभी राहायचे. तिनं माझा डबा भरला की मी बोटानं भाजीचा तवंग बघायचे. तिला जेवताना हसू आलं तरी मला वाटायचं, हिला काहीतरी माहीत आहे. एक दिवस मी तेलाच्या बाटलीवर पेनानं बारीक रेघ मारली आणि संध्याकाळी येऊन बघितली. तेल रेघेच्या खाली होतं, पण घरात चार माणसं जेवतात, तेल खाली जाणारच. त्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं. तरी मी दुसऱ्या दिवशी नवी रेघ मारली.

तिसऱ्या रेघेच्या दिवशी वहिनीनं बाटली माझ्यासमोर धरली, रेघांवरून अंगठा फिरवला आणि ती जागेवर ठेवली. दुसऱ्या दिवसापासून माझ्या वाटणीची भाजी ती कच्चीच चिरून ताटलीत काढून ठेवायला लागली. मी ती स्वतः शिजवायची. त्याच आठवड्यात माझं वजन दीड किलोनं उतरलं. आज मला माहीत आहे की शरीर कधी कधी पाणी धरून बसतं आणि मग एकदम सोडतं. तेव्हा मला तो पुरावा वाटला.

स्पर्धा पुण्याच्या एका हॉलमध्ये होती. आधीचे दोन दिवस मीठ बंद, शेवटच्या दिवशी पाणीही घोट-घोट. अंगाला तपकिरी रंग फासलेला, पायांत उंच टाचा, ओठ सुकून दातांना चिकटलेले. दिव्यांखाली उभं राहून मी हसत होते आणि मला समोरची माणसं दिसत नव्हती. माझा तिसरा नंबर आला. मॅडमनी मला उचलून धरलं. महिन्याभरात व्यायामाचे कपडे शिवणाऱ्या एका छोट्या कारखान्यानं कॅटलॉगसाठी बोलावलं आणि मी दिवसभर निरनिराळ्या पट्ट्यांच्या पँटी घालून उभी राहिले. ते फोटो आईनं बघितले, मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन. मग म्हणाली, चेहरा बारीक झालाय, पण पाठ तुझ्या वडिलांसारखी दिसते.

कामावर सगळ्या विचारायच्या, कसं केलंस. मी खरं ते सांगायचे. अंडी, भाकरी, कुळीथ, जिना चढा, खुर्चीवरून उठा-बसा. दोघी-तिघींनी सुरुवातही केली होती.

कॅटलॉगनंतर सहा आठवड्यांनी, पॅकिंगच्या टेबलावर माझ्या शेजारी उभी राहणारी बाई मला म्हणाली, "लपवलंस व्हय आमच्यापासनं?" मला कळेना. ती म्हणाली, हायवेच्या कडेच्या वजन उतरवायच्या पावडरीच्या दुकानावर तुझा फ्लेक्स लागलाय, जाऊन बघ.

पाळी सुटल्यावर मी चालत गेले. दुकान नवंच उघडलेलं होतं. दारावर माझ्या उंचीपेक्षा मोठा फ्लेक्स. उजवीकडं स्टेजवरची मी, तपकिरी, हसणारी. डावीकडं ब्याऐंशी किलोची मी, पिवळ्या ड्रेसमध्ये, हातात जेवणाचं ताट, तोंड घासानं फुगलेलं. मध्ये पावडरचा डबा आणि खाली लिहिलं होतं की हा फरक तीन महिन्यांत झाला. त्या डब्यातलं चमचाभरही माझ्या पोटात कधी गेलेलं नव्हतं.

उजवीकडच्या फोटोचं मला फारसं काही वाटलं नाही. स्पर्धेत कुणीही फोटो काढत होतं. पण डावीकडची बाई मी ओळखली. तो फोटो वहिनीच्या भावाच्या लग्नातला होता. त्या काळात मी कुणाला फोटो काढू द्यायचे नाही. पंगतीत वहिनीनं तिच्या मोबाईलवर चोरून काढला होता आणि मी तिच्यावर रागावले होते. म्हणजे तो फोटो फक्त तिच्याकडं होता. दुसरी शक्यता माझ्या मनात आलीच नाही. तेलाच्या बाटलीवरच्या रेघा मनात होत्याच, त्यांत आता या फोटोची भर पडली.

मी तिला विचारलं नाही. विचारलं तर ती नाही म्हणणार, आणि मग ती खोटं बोलते हेही मला पाठीवर घेऊन हिंडावं लागणार, असा माझा हिशेब. मी मोबाईलला नवं कुलूप घातलं. ती खोलीत आली की बोलणं तोडायचे. तिच्या भावाच्या मुलाच्या बारशाला सगळे गेले, मी गेले नाही. आईनं कारण विचारलं तेव्हा मी दादासमोर सांगून टाकलं की वहिनीनं माझा फोटो परक्या माणसांना दिला. दादा शांत माणूस आहे. तो आत गेला, दार लोटलं, आतून बराच वेळ त्याचाच आवाज येत होता, तिचा नाही. दोन दिवसांनी वहिनी एका पिशवीत कपडे घेऊन माहेरी गेली. जाताना आईच्या पाया पडली. माझ्याकडं बघितलं नाही.

पंधरा दिवस झाले. घरात आई स्वयंपाक करायची आणि कुणी चवीबद्दल काही बोलायचं नाही. मॅडम मात्र खूश होत्या. मला पुढच्या स्पर्धेसाठी तयार करत होत्या. फ्लेक्सचा फोटो काढून मी त्यांना दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, हितं असंच चालतं, मनावर घेऊ नकोस. त्यांनी फोटोकडं नीट बघितलंही नाही, याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

मग ती शेजारची बाई तीन दिवस कामावर आली नाही. आली तेव्हा डोळे आत गेलेले. तिनं फ्लेक्स बघून डबा घेतला होता आणि पोट इतकं बिघडलं की सलाईन लावावं लागलं. ती माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुझा फोटो होता म्हणून घेतला गं."

त्या रविवारी मी तोरण्याच्या वाटेला गेले नाही. नसरापूरला बस बदलून वहिनीच्या गावी उतरले. तिनं तो फोटो कुणाला दिला एवढं कळलं असतं तर त्या माणसाकडून फ्लेक्स उतरवून घेता आला असता, एवढाच माझा विचार होता. भांडायला मी गेले नव्हते, पण समेटालाही नाही.

वहिनी ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिची आई आत गेली आणि आम्हा दोघींना पाणी ठेवून गेली. मी उभ्यानंच विचारलं.

वहिनीनं सूप खाली ठेवलं. "तुमालाच दिला व्हता," ती म्हणाली.

मी म्हटलं, मला कशाला देशील.

"तुमीच मागितला. जिमचा पैला दिवस व्हता. तुमच्या मॅडमना आधीचा, सगळं अंग दिसंल असा फोटो पायजे व्हता, आन् तुमच्याकडं एक बी नव्हता. तवा म्या धाडला तुमच्या मोबाईलवर. बघा की."

मी ओसरीच्या कडेला बसले आणि मॅडमबरोबरचे मेसेज वर ढकलत गेले. दोन-अडीच वर्षांची ताटं होती तिथं. अंडी, भाकरी, काकडी, मूग, पुन्हा अंडी. मधूनमधून रविवारचे फोटो, आणि वर जाईन तशी त्यांतली मी जाड होत होते, खांदे गोल होत होते, हसू कमी होत होतं. ऊन ओसरीवरून अंगणात उतरलं तरी मी वर जातच होते. वहिनीनं सगळे तांदूळ निवडून झाकून ठेवले. अगदी शेवटी, म्हणजे अगदी पहिला, तो फोटो आला. पिवळा ड्रेस, हातात ताट. मीच पाठवलेला. खाली मी लिहिलं होतं: एवढाच आहे मॅडम, कुणाला दाखवू नका.

तो पाठवून मी माझ्या मोबाईलमधल्या बाकी जागांवरून पुसून टाकला असणार, आणि मनातूनही.

मी मोबाईल वहिनीसमोर धरला. तिनं बघितलं नाही. तिला बघायची गरज नव्हती. मी म्हटलं, "माझं चुकलं."

ती म्हणाली, "तुमी इचारलं असतं तर म्या तवाच सांगितलं असतं, ताई. तेलाचं बी."

तिथून मी वेल्ह्याला गेले. मॅडमचं घर बाजाराच्या मागं. रविवारची चढाई संपवून त्या परतल्या होत्या, पाय बादलीत बुडवून बसल्या होत्या. मी का आले नाही ते त्यांनी विचारलं. मी तो पहिला मेसेज दाखवला.

त्यांनी नाकारलं नाही. "व्हय, म्याच दिला," त्या म्हणाल्या. त्या कंपनीच्या पावडरची या भागातली एजन्सी त्यांनी घेतली होती, कंपनीनं आधीचा आणि नंतरचा असे फोटो मागितले, आणि माझ्यासारखा फरक दुसऱ्या कुणाचा नव्हता. त्या पुढं म्हणाल्या की आयुष्यभर बायकांना अंडी-भाकरी सांगून बघितली, चार दिवस ऐकतात आणि सोडतात. डबा दिसला की ऐकतात. डब्याच्या निमित्तानं चार बायका जिममध्ये आल्या तर त्यांचं भलंच होईल. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मी सांगितलं की माझ्याबरोबरच्या बाईला सलाईन लागलं. त्यांचा चेहरा उतरला. फ्लेक्स उतरवायला सांगते म्हणाल्या. मी निघताना दारात थांबले आणि विचारलं, "आणि वहिनीवर लक्ष ठेव म्हणालात, ते का?"

त्यांनी आठवायचा खरोखर प्रयत्न केला. "असं म्हटलं व्हतं का म्या?"

त्या उत्तरानं मला फ्लेक्सपेक्षा जास्त लागलं. बसची वाट बघताना मी दुसऱ्या कुणावर तरी चिडायचा प्रयत्न करत होते. पण तेलाच्या बाटलीवर रेघा मारणारा हात माझाच होता, त्यात मॅडमना किती ओढायचं हे मला ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी मी पॅकिंगच्या टेबलावर सगळ्यांना खरं सांगितलं. दोघींनी विश्वास ठेवला, बाकीच्यांनी नुसती मान हलवली. फ्लेक्स लगेच उतरला नाही. दुकानदार म्हणाला कंपनीला विचारा, कंपनीचा फोन कुणी उचलला नाही. महिन्याभरानं त्याच चौकटीवर कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा लागल्या आणि मी त्याखाली गेले. दादानं वहिनीला आणलं, त्याआधी तिच्या आई-वडिलांसमोर स्वतःची चूक कबूल केली. घरात आल्यावर वहिनी पहिल्यासारखी बोलते, हसते. फक्त घरात कुणाचा फोटो काढायची वेळ आली की ती मोबाईल दादाच्या हातात देते आणि स्वतः बाजूला होते.

मॅडमची बॅच मी सोडली. नंतर दोन स्पर्धा केल्या, कपड्यांची तीन-चार कामं केली. आता फोटोसाठी कागदावर सही करण्याआधी मी तो दोनदा वाचते आणि फोटो कुठं लागणार ते लिहून घेते. माणसं म्हणतात मी संशयी आहे. असेन. पण आता ज्याचा संशय येतो त्यालाच आधी विचारते.

गेल्या वर्षापासून आठवड्यातून तीन दिवस मी वेल्ह्यात बायकांचा वर्ग घेते. तहसील कचेरीच्या रस्त्यावर एक रिकामा हॉल मिळाला आहे. बारा-तेरा जणी येतात. त्यांतल्या एका सुनेबरोबर तिची सासूही येते. व्यायामाला नाही, पहाऱ्याला. तासभर ती भिंतीशी खुर्ची टाकून बसते आणि माझ्यावरून नजर काढत नाही. पहिल्या आठवड्यात तिनं विचारलं की मी यांना काही औषधबिवषध देते का. मी नाही म्हटलं.

"मंग ही पिशवी कसली?" ती म्हणाली.

मी पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. तिनं एकेक वस्तू बाहेर काढली. टॉवेल, उडी मारायची दोरी, हजेरीची वही, शेंगदाण्याचा लाडू. लाडू तिनं नाकाशी नेऊन हुंगला, थोडा मोडून खाल्ला. मग सगळं होतं तसं परत भरलं, पिशवी मला दिली आणि खुर्चीवर पुन्हा नीट बसली. सून आमच्याकडं न बघता उठा-बसा काढत होती. मी आकडा मोजत राहिले.